पडद्यावरील पाठाचे मुद्रण आणि मुक्त साधने

शिक्षक वर्गात शिकवीत असतो तेव्हा दोन क्रिया जोडीने चालू असतात. हात फळ्यावर चालतो आणि वाणी हातास सोबत करते. भागाकाराच्या उदाहरणात वरचा अंक खाली का उतरतो, हे मुलाला नुसत्या अंकांवरून कळत नाही व नुसत्या शब्दांवरूनही कळत नाही. ‘आता हा अंक खाली घेऊ’ हे शब्द कानी पडत असतानाच खडू खाली येतो, तेव्हा ते कळते. तास संपला म्हणजे फळा पुसला जातो. हजर असलेल्या मुलाजवळ आठवण व वही उरते. गैरहजर मुलाने दुसऱ्या दिवशी मित्राच्या वहीतून उदाहरण उतरवून घेतले, तरी त्याच्या हाती अंक येतात, रीत येत नाही.

नांदेड व लातूर या जिल्ह्यांत हा प्रश्न एखाद-दुसऱ्या दिवसाच्या गैरहजेरीपुरता नाही. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील मुखेड, कंधार, लोहा, अहमदपूर, जळकोट या भागांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस बाहेर पडतात व कारखान्यांचा गळीत हंगाम संपल्यावर परततात. हंगामी वसतिगृहांमुळे त्यांतील काही मुले गावी राहून शिकू शकतात. जी आईबापांबरोबर जातात, त्यांच्या वर्षाचा मधला भाग हरवतो. दुसरी अडचण भाषेची आहे. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे घरोघरी तेलुगू बोलली जाते. लातूर जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर कन्नड ऐकू येते. किनवट व माहूरकडील वस्त्यांत गोंडी व कोलामी, तांड्यांवर बंजारा बोली, आणि दोन्ही जिल्ह्यांतील गावांत व शहरांत उर्दू आहे. पहिल्या इयत्तेत बसणाऱ्या अनेक मुलांस पुस्तकाची मराठी ही घराबाहेरची भाषा वाटते.

संगणकाच्या पडद्यावर शिकविलेला पाठ आवाजासह मुद्रित करून ठेवण्याचे साधन या अडचणी नाहीशा करू शकत नाही. तथापि ते योग्य रीतीने वापरले, तर त्या बऱ्याच हलक्या होतात. आणि ज्या शाळेत संगणक आहे, तिला त्यासाठी वेगळा पैसा मोजावा लागत नाही. या साधनाचे स्वरूप, त्याचे कार्य व त्याचा शाळेतील उपयोग यांचा विचार पुढे केला आहे.

१. पडद्याचे मुद्रण म्हणजे काय

कॅमेऱ्याने घेतलेले चलचित्र व पडद्याचे मुद्रण, ज्यास सर्वत्र ‘स्क्रीन रेकॉर्डिंग’ म्हणतात, यांत एक मूलभूत भेद आहे. कॅमेरा समोरच्या वस्तूवरून येणारा प्रकाश टिपतो. त्यामुळे उजेड कमी पडला, हात हलला किंवा फळ्यावर चमक आली, की चित्र बिघडते. पडद्याच्या मुद्रणात कॅमेरा नसतोच. संगणकाने पडद्यावर दाखविण्यासाठी जे चित्र स्वतःच्या स्मृतीत तयार केलेले असते, तेच तो ठराविक अंतराने उचलून फाईलमध्ये साठवितो. यास्तव अक्षर मुळात जितके स्पष्ट, तितकेच मुद्रणातही स्पष्ट येते. माऊसचा बाण कोठून कोठे गेला, रेघ कोणत्या क्रमाने उमटली, हे सारे त्यात येते. त्याच वेळी माइकमधून शिक्षकाचा आवाज टिपला गेला, म्हणजे फळा व वाणी यांची जोडी पूर्ण होते.

२. चित्रांचा हिशेब

ही क्रिया संगणकास किती जड आहे, हे साध्या गुणाकाराने समजते. सामान्य मोठ्या पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० प्रकाशबिंदू असतात. म्हणजे एकूण २०,७३,६०० बिंदू झाले. प्रत्येक बिंदूचा रंग सांगण्यास तीन बाइट लागतात. म्हणजे एका चित्रास ६२,२०,८०० बाइट हवेत. हालचाल सलग दिसावी म्हणून सेकंदास ३० चित्रे घेतली, तर दर सेकंदास १८,६६,२४,००० बाइट साठवावे लागतील. दहा मिनिटांच्या पाठास या हिशेबाने सुमारे ११२ गिगाबाइट लागतील. ३२ गिगाबाइटांच्या पेनड्राइव्हमध्ये तीन मिनिटांचा पाठही मावणार नाही.

प्रत्यक्षात असे होत नाही, कारण संगणक प्रत्येक चित्र नव्याने साठवीत नाही. फळ्यावर दहा ओळी असताना शिक्षकाने अकरावी ओळ लिहिली, तर विद्यार्थी वहीत पुन्हा अकरा ओळी उतरवीत नाही. नवी ओळ तेवढी लिहितो. मुद्रणाचे साधन तेच करते. अधूनमधून एक चित्र संपूर्ण साठविले जाते, आणि मधल्या चित्रांत मागच्यापेक्षा जे बदलले तेवढेच लिहिले जाते. पाठ शिकविताना पडद्याचा बहुतेक भाग स्थिर असतो. फक्त बाण हलतो, एखादा शब्द उमटतो. त्यामुळे फाईल गिगाबाइटांऐवजी मेगाबाइटांत मोजण्याइतकी लहान होते. यातूनच एक व्यावहारिक नियम निघतो. पाठाच्या पार्श्वभूमीस हलती चित्रे व रंगांची उधळण ठेवू नये. साधा, स्थिर पडदा मुलाच्या डोळ्यांसही सोयीचा असतो आणि फाईलही लहान राहते.

३. मुक्त प्रणाली व तिचा मेज

संगणकाचे सर्व व्यवहार चालविणाऱ्या मूळ व्यवस्थेस कार्यप्रणाली म्हणतात. काही कार्यप्रणाली विकत घ्याव्या लागतात व त्यांची आतील रचना गुप्त असते. दुसऱ्या प्रकारास मुक्तस्रोत प्रणाली म्हणतात. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ या नावाने अशी प्रणाली घडविण्याची घोषणा केली. १९९१ साली फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘लिनक्स’ हा तिला लागणारा गाभा प्रसिद्ध केला. उबंटू, डेबियन या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या प्रणाली या परंपरेतील होत. आपल्या देशात सी-डॅक या शासकीय संस्थेने डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली तयार केली. तिच्यात मराठीसह भारतीय भाषांची सोय आहे व शाळांसाठी तिची ‘एज्युबॉस’ ही वेगळी आवृत्तीही निघाली.

‘मुक्त’ या शब्दाचा अर्थ केवळ फुकट असा नव्हे. वापरण्याचा, आतील रचना अभ्यासण्याचा, ती गरजेप्रमाणे बदलण्याचा आणि इतरांस देण्याचा, असे चार अधिकार त्यात येतात. शाळेच्या दृष्टीने चौथा अधिकार विशेष महत्त्वाचा आहे. केंद्रातील एका शाळेने घेतलेले साधन दुसऱ्या शाळेस देण्यात परवान्याचा भंग होत नाही. देणे हाच त्या परवान्याचा हेतू आहे.

लिनक्सवर जो दर्शनी पडदा दिसतो, त्यास डेस्कटॉप म्हणजे कामाचा मेज म्हणतात. असे मेज अनेक आहेत. त्यांपैकी ‘ग्नोम’ हा फार प्रचारात आहे. मेक्सिकोतील मिगेल दे इकाझा व फेदेरिको मेना या तरुणांनी ऑगस्ट १९९७ मध्ये त्याचा आरंभ केला. एप्रिल २०११ मध्ये त्यास ‘ग्नोम शेल’ हे नवे रूप मिळाले. स्वयंसेवकांनी केलेल्या मराठी भाषांतरामुळे त्यातील पुष्कळ सूचना मराठीतही वाचता येतात.

४. पुरवणीची कल्पना

परीक्षेत मूळ उत्तरपत्रिका अपुरी पडली, की विद्यार्थी पुरवणी मागतो व ती दोऱ्याने मूळ उत्तरपत्रिकेस जोडतो. ग्नोम शेलमध्ये ‘एक्स्टेन्शन’ म्हणतात ती अशीच पुरवणी होय. मूळ मेजात नसलेली एखादी सोय कोणीतरी लिहितो, आणि ज्यास हवी तो ती आपल्या मेजास जोडतो. ग्नोमच्या अधिकृत संकेतस्थळावर अशा पुरवण्या ठेवलेल्या असतात. तेथे ठेवण्यापूर्वी प्रत्येक पुरवणीचा मजकूर जाणकार वाचून पाहतात.

पडदा मुद्रित करण्याची काही सोय ग्नोममध्ये मुळातच होती. जुन्या आवृत्त्यांत कंट्रोल, आल्ट, शिफ्ट व आर या चार कळा एकत्र दाबल्या, की मुद्रण सुरू होई व पुन्हा दाबल्या, की थांबे. परंतु मूळ रचनेत ही मुदत अवघी ३० सेकंदांची होती. मार्च २०२२ मध्ये आलेल्या ग्नोम ४२ मध्ये ‘प्रिंट स्क्रीन’ ही कळ दाबली, की खाली एक पट्टी उघडते. तीत संपूर्ण पडदा किंवा त्याचा एखादा चौकोन निवडून मुद्रण करता येते. तयार फाईल ‘व्हिडिओज’ या फोल्डरातील ‘स्क्रीनकास्ट्स’ या भागात जाऊन बसते. ग्नोम ४२ मध्ये तिचे स्वरूप ‘वेबएम’ हे होते. गूगलने २०१० साली खुले केलेले हे स्वरूप वापरण्यास कोणाची परवानगी वा मोबदला लागत नाही.

या अंगभूत सोयीत ग्नोम ४२ मध्येही एक मोठी उणीव होती. चित्र येई, आवाज येत नसे. शिक्षकाच्या दृष्टीने हा मुका फळा झाला. ‘ईझीस्क्रीनकास्ट’ नावाच्या पुरवणीने ही उणीव भरून काढता येते. ती जोडली, की पडद्याच्या वरच्या पट्टीवर एक लहान चिन्ह दिसू लागते. त्यावर टिचकी मारून आवाज कोठून घ्यावयाचा ते ठरविता येते, पडद्याचा कोणता भाग घ्यावयाचा ते सांगता येते, आरंभास काही सेकंदांची सवड ठेवता येते, सेकंदास किती चित्रे घ्यावयाची ती संख्या कमी-अधिक करता येते, आणि वेबकॅमेऱ्याचे चित्र कोपऱ्यात दाखविता येते. शाळेतील संगणक जुना व मंद असेल, तर चित्रांची संख्या ३० ऐवजी १५ ठेवावी. फळ्यासारख्या पाठात ती पुरेशी होते.

येथे कोणाच्याही मनात शंका येईल, की मुद्रणाचा स्वतंत्र कार्यक्रम न घेता मेजाची पुरवणीच का घ्यावी? याचे उत्तर नव्या प्रणालींच्या सुरक्षिततेत आहे. पूर्वीच्या ‘एक्स’ नावाच्या व्यवस्थेत कोणताही कार्यक्रम दुसऱ्याच्या खिडकीत डोकावू शकत असे. अनेक जुनी मुद्रणसाधने याच मोकळिकीवर चालत. ‘वेलँड’ या नव्या व्यवस्थेत प्रत्येक कार्यक्रमास फक्त आपली खिडकी दिसते; सर्व पडदा फक्त मेजाला दिसतो. म्हणून जुनी साधने तेथे चालत नाहीत, आणि नव्या साधनांस मेजाकडे परवानगी मागावी लागते. पुरवणी ही मेजाचाच भाग असल्याने ती मेजाच्या मुद्रणयंत्राशी थेट जोडली जाते. अर्थात तिला मिळालेले हे बळ ध्यानी घेऊन पुरवणी अधिकृत स्थळावरूनच घ्यावी. कोणी पाठविलेल्या अनोळखी फाईलवरून घेऊ नये.

पुरवणीस एक मर्यादाही आहे. उत्तरपत्रिकेचा आकारच बदलला, तर जुनी पुरवणी तिला जुळत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या ग्नोम ४५ मध्ये पुरवण्यांची लेखनपद्धती बदलली व त्यापूर्वीच्या सर्व पुरवण्या नव्याने लिहिल्याखेरीज चालेनाशा झाल्या. यास्तव संगणकाची प्रणाली नवी करण्यापूर्वी आपली पुरवणी तीत चालते किंवा नाही, हे पाहून घ्यावे. ती चालत नसल्यास ‘ओबीएस स्टुडिओ’ हा स्वतंत्र मुक्त कार्यक्रम वापरावा. तो २०२१ पासून वेलँडवरही पडदा टिपू शकतो.

५. पवई येथील प्रयोग

पडद्याच्या मुद्रणातून शिक्षण देण्याचा मोठा प्रयोग महाराष्ट्रातच झाला आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, पवई येथे, प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली ‘स्पोकन ट्यूटोरियल’ हा प्रकल्प उभा राहिला. केंद्र शासनाच्या माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानविषयक राष्ट्रीय शिक्षण अभियानातून त्यास साहाय्य मिळाले. लिब्रेऑफिस, केटर्टल, जिओजेब्रा अशा अनेक साधनांचे पाठ त्यात आहेत. प्रत्येक पाठ सुमारे दहा मिनिटांचा असून तो पडद्याच्या मुद्रणातून तयार झालेला आहे. विद्यार्थ्याने एका बाजूस पाठ लावावा, दुसऱ्या बाजूस तेच साधन उघडावे आणि ऐकत ऐकत करीत जावे, अशी त्याची योजना आहे.

या प्रकल्पातील तीन गोष्टी ग्रामीण शिक्षकाने विशेष अभ्यासाव्यात. पहिली अशी, की मुद्रणापूर्वी पाठाची संहिता लिहिली जाते. तिचे दोन रकाने असतात. एकात पडद्यावर काय दिसेल ते, दुसऱ्यात त्या वेळी काय बोलले जाईल ते. दुसरी अशी, की ती संहिता त्या विषयात नवख्या असलेल्या माणसाकडून तपासून घेतली जाते. तो जेथे अडतो, तेथे संहिता सुधारली जाते. जाणकाराला जे वाक्य स्वच्छ वाटते, तेच नवख्याला दुर्बोध असू शकते, हा शिक्षकाचा नित्याचा अनुभव येथे पद्धतीत बसविला आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. या पाठांचे चित्र एकदाच तयार होते; त्यावरचा आवाज मात्र निरनिराळ्या भारतीय भाषांत, मराठीतही, पुन्हा भरला जातो. चित्र एक व वाणी अनेक, असे हे तत्त्व आहे. मराठवाड्यास या तत्त्वाचे मोल वेगळे सांगावयास नको. निजामी राजवटीत येथील माध्यमिक शाळांचे माध्यम उर्दू होते, आणि १९१८ साली सुरू झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतूनच दिले जाई. घरची भाषा शाळेत न मिळाल्यास मुलाचे अर्धे बळ शब्दांचा अर्थ लावण्यातच खर्ची पडते, हे या भूमीने १९४८ पूर्वी दीर्घकाळ अनुभवले आहे. आज मराठी माध्यमाच्या वर्गात बसलेल्या कोलाम वा बंजारा मुलाची अडचण त्याच जातीची आहे.

६. मांजरेचा पाठ : एक उदाहरण

परिसर अभ्यासात नदी शिकविताना मांजरा नदीचा पाठ या पद्धतीने कसा तयार करता येईल, ते पाहू. मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते, लातूर जिल्ह्यातून वाहत कर्नाटकातील बीदरकडे जाते, पुढे तेलंगणात शिरते, तेथे उत्तरेस वळते आणि नांदेड जिल्ह्याच्या सीमेवरून येत गोदावरीस मिळते. छापील नकाशात हा वळसा एक वाकडी रेघ म्हणून दिसतो. नदी कोणत्या दिशेने चालली आहे, हे मुलास त्यावरून उमगत नाही.

लिब्रेऑफिसच्या ‘ड्रॉ’ या मुक्त साधनात शिक्षकाने दोन्ही जिल्ह्यांची साधी बाह्यरेषा काढावी. ती पाठाच्या आधीच तयार असावी. नंतर पुढीलप्रमाणे संहिता करावी.

पहिला टप्पा : पडद्यावर रिकामी बाह्यरेषा. आवाज : आपले गाव कोठे आहे, ते आपण आधी पाहू. बाण गावावर जाऊन थांबतो.

दुसरा टप्पा : डोंगराच्या जागी निळ्या रंगाची रेघ सुरू होते. आवाज : येथून मांजरा निघाली. पाणी उताराकडे धावते, म्हणून ती पूर्वेकडे चालली आहे.

तिसरा टप्पा : रेघ सीमेबाहेर जाते. आवाज : आता ती आपल्या जिल्ह्यातून बाहेर गेली. ती कोठे जाईल, तुम्ही सांगा. येथे पाच सेकंद शांतता ठेवावी, म्हणजे मूल विचार करील.

चौथा टप्पा : रेघ उत्तरेस वळते व गोदावरीस मिळते. आवाज : पाहा, गेलेली नदी पुन्हा आपल्या सीमेवर आली आणि गोदावरीस भेटली.

असा पाठ पाच मिनिटांहून लांबवू नये. मुद्रण संपल्यावर तो प्रथम अशा विद्यार्थ्यास दाखवावा, ज्याने हा भाग पूर्वी शिकलेला नाही. तो जेथे गोंधळेल, तो भाग पुन्हा मुद्रित करावा. पाठ समाधानकारक झाल्यावर चित्र तेच ठेवून दुसऱ्या भाषेत आवाज भरता येतो. बिलोलीकडील तेलुगू जाणणाऱ्या शिक्षिकेने तेलुगू बोलावे, तांड्यावरील एखाद्या शिकलेल्या तरुणाने बंजारा बोलीत बोलावे, उर्दू शाळेतील शिक्षकाने उर्दूत बोलावे. ‘ऑडॅसिटी’ या मुक्त साधनाने आवाज स्वतंत्र मुद्रित करता येतो आणि ‘ओपनशॉट’ या दुसऱ्या मुक्त साधनाने तो चित्रास जोडता येतो. पडद्यावर लिखित शब्द जितके कमी, तितके हे काम सोपे होते. म्हणून नावे मोजकीच लिहावीत.

ऊसतोडीस निघालेल्या कुटुंबाच्या मोबाइलमध्ये मेमरी कार्डावर असे आठ-दहा पाठ घालून देता येतात. त्यांना इंटरनेट लागत नाही. काही मोबाइलवर वेबएम स्वरूप चालत नाही. अशा वेळी ‘हँडब्रेक’ या मुक्त साधनाने फाईलचे एमपी-फोर रूप करून घ्यावे. दिवसभर फडात राबून कोपीवर आलेल्या आईबापांकडून अभ्यास घेण्याची अपेक्षा करणे योग्य नव्हे. परंतु ओळखीचा आवाज, गावच्या नदीचे नाव आणि पाच मिनिटांचा पाठ एवढे त्या मुलाजवळ असेल, तर शाळेशी त्याचा धागा तुटत नाही, आणि परतल्यावर वर्गात बसण्याचा त्याचा संकोच कमी होतो.

७. घ्यावयाची खबरदारी

(अ) मुद्रण चालू असताना पडद्यावर येणारी प्रत्येक गोष्ट टिपली जाते. शाळेच्या संगणकावरच ‘सरल’ व ‘यू-डायस प्लस’ची माहिती भरली जाते. विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक किंवा परवलीचा शब्द यांपैकी काहीही मुद्रणात येता कामा नये. आरंभी इतर सर्व खिडक्या बंद कराव्यात व सूचना येणे थांबवावे. माहिती भरण्याची रीत सहकाऱ्यांस दाखविण्यासाठी मुद्रण करावयाचे असेल, तर काल्पनिक नावे घालूनच करावे.

(आ) वेबकॅमेऱ्याने मुलांचे चेहरे घेऊ नयेत. पाठास त्यांची गरज नसते, आणि एकदा बाहेर गेलेली फाईल परत बोलाविता येत नाही.

(इ) पाठ्यपुस्तकाची पाने जशीच्या तशी पडद्यावर ठेवून त्यांचे मुद्रण वाटू नये. पुस्तकाचे हक्क पाठ्यपुस्तक मंडळाचे असतात. आकृती स्वतः काढावी, उदाहरण परिसरातील घ्यावे. त्याने पाठही अधिक सजीव होतो.

(ई) आवाजाकडे चित्राहून अधिक लक्ष द्यावे. अस्पष्ट चित्र मूल सहन करते, अस्पष्ट आवाज सहन करीत नाही. पंखा बंद ठेवावा, मोबाइलच्या इअरफोनचा माइक तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा आणि शाळा भरण्यापूर्वीची निवांत वेळ निवडावी. पत्र्याच्या खोलीत पावसाळ्यात मुद्रण करू नये.

(उ) प्रथम अर्धा मिनिट मुद्रण करून ते ऐकून पाहावे. आवाज आला आहे याची खात्री न करता पूर्ण पाठ मुद्रित केल्यास श्रम वाया जातात.

८. साधनाची मर्यादा

मुद्रित पाठ हा शिक्षकाची जागा घेणारा नाही, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. वर्गातील शिक्षक मुलाचा चेहरा पाहून थांबतो, उदाहरण बदलतो, मागे वळतो. पडदा हे करू शकत नाही. मार्च २०२० पासून करोनाच्या साथीमुळे शाळा बंद राहिल्या, तेव्हा मोबाइलवरून पाठ पाठविण्याचा उद्योग सर्वत्र झाला. ज्या घरी मोबाइल नव्हता, किंवा एकच मोबाइल बापाबरोबर शेतात जात होता, तेथे तो पोहोचला नाही. यास्तव जो वर्गात हजर आहे, त्यास पडद्यासमोर बसवून ठेवणे हा या साधनाचा दुरुपयोग होय. ते गैरहजर मुलासाठी, मागे पडलेल्या मुलासाठी, आणि दुसऱ्या भाषेतून येणाऱ्या मुलासाठी आहे.

दुसरी मर्यादा श्रमांची आहे. पाच मिनिटांचा चांगला पाठ तयार होण्यास संहिता, तपासणी व मुद्रण मिळून कित्येक तास लागतात. एकाच शिक्षकाने सर्व विषयांचे पाठ करू पाहिल्यास तो थकेल व काम अर्धवट राहील. यावर उपाय केंद्राच्या एकत्र कामात आहे. केंद्रातील प्रत्येक शाळेने वर्षात एकच पाठ घ्यावा. परंतु तो असा घ्यावा, की जो हंगामात बाहेर गेलेल्या मुलांचा हमखास बुडतो. केंद्र शिक्षण परिषदेत तो सर्वांनी पाहावा, सुधारावा व वाटून घ्यावा. केंद्रात दहा शाळा असल्या, तर वर्षाअखेर प्रत्येक शाळेजवळ दहा पाठ होतात, आणि प्रत्येकीने श्रम एकाचेच केलेले असतात. मुक्त साधनांचा मूळ विचारही याहून निराळा नाही. एकाने केलेले काम सर्वांस मिळावे, आणि ज्यास ते अपुरे वाटेल त्याने ते सुधारून पुन्हा सर्वांस द्यावे.

पाठ कोणता घ्यावा, हे ठरविण्यास मोठ्या विचाराची गरज नाही. हजेरीपत्रक उघडावे, नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांतील रिकामे रकाने पाहावेत, आणि त्या दिवसांत वर्गात काय शिकविले होते ते टाचणवहीत शोधावे. पहिला पाठ तेथूनच घ्यावा.